भूकंपनोंदी वेव्हलेटने लहान करताना

तीन दिशांची, सेकंदाला 100 नमुन्यांची नोंद 32 बिटांत ठेवली तर एका केंद्राची फाइल दिवसाला सुमारे 104 एमबी होते, आणि हिंगोली-नांदेड पट्ट्यातील धक्क्यांच्या अभ्यासासाठी अनेक केंद्रांच्या महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी साठवताना डिस्क लवकर भरते. वेव्हलेट म्हणजे आखूड लहरी; नोंद अशा लहरींच्या बेरजेत मांडून त्यातला क्षुल्लक भाग गाळला, की फाइल लहान करता येते. त्याच्या पायऱ्या अशा:

1. नोंदीचे एकेका तासाचे तुकडे करावेत. कडांवर विकृती येऊ नये म्हणून शेजारच्या तुकड्यांत काही सेकंदांचा भाग सामायिक ठेवावा.

2. पायथॉन या संगणकभाषेतील पायवेव्हलेट्स ही लायब्ररी वापरून ‘डीबी4’ या प्रकारच्या वेव्हलेटने पाच-सहा पातळ्यांचे पृथक्करण करावे, म्हणजे जलद ते संथ चढउतार वेगवेगळ्या पातळ्यांत फोडावेत.

3. प्रत्येक पातळीवरील तपशील-गुणकांच्या (म्हणजे त्या पातळीचे चढउतार दाखवणाऱ्या आकड्यांच्या) निरपेक्ष मूल्यांचा मध्यक 0.6745 ने भागल्यास गोंगाटाचा अंदाज मिळतो. त्याची तिप्पट हा उंबरठा धरून त्याहून लहान (चिन्ह न धरता) गुणक शून्य करावेत.

4. उरलेले गुणक पूर्णांकांत बदलून जीझिप या फाइल आवळणाऱ्या साधनाने बांधावेत. नुसते शून्य केल्याने फाइल एका बाइटनेही घटत नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेकदा राहून जाते.

त्यानंतर नोंद पुन्हा उभी करून ती मूळ नोंदीतून वजा करावी. उरलेल्या रेषेत धक्क्याचा आकार दिसला, तर उंबरठा जास्त झाला आहे असे समजून तो कमी करावा.

सावधगिरी एवढीच, की पी-लहरींची (भूकंपाच्या सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लहरींची) पहिली चाहूल मूळ नोंदीवरच टिपावी, कारण या पद्धतीत क्षीण धक्के गोंगाटाबरोबर पुसले जाऊ शकतात. किल्लारीने 30 सप्टेंबर 1993 रोजी जे भोगले, त्यानंतर मराठवाड्यातील लहानशी नोंदही आपण गमावू नये, म्हणून धक्क्याच्या आसपासची काही मिनिटे काटछाट न करता वेगळी जपावीत.