खडकीची लढाई जेवणाच्या टेबलावर: मिनिएचर युद्धखेळ कसा मांडावा

वसाहतकाळातील लढाया छोट्या प्रतिकृती-सैनिकांनी टेबलावर खेळण्याचे जे तयार नियम बाजारात मिळतात, त्यांपैकी बऱ्याच नियमांत 'देशी' सैन्य म्हणजे भाले-तलवारी घेऊन धावून येणारा बेशिस्त जमाव, अशी एक ठरावीक कल्पना असते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध खडकीच्या माळावर उतरलेल्या पेशव्यांच्या सैन्याला ती मुळीच लागू पडत नाही. त्या सैन्यात सुमारे १८ हजार घोडदळ आणि ८ हजार पायदळ होते, १४ तोफा होत्या आणि युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेली पलटणही होती. म्हणून पुण्यात बसून ही लढाई खेळणाऱ्याने परके नियम जसेच्या तसे उचलू नयेत. पुढे दिलेली पद्धत आमच्या घरी अनेक रविवार खेळून पक्की झालेली आहे.

सर्वप्रथम संख्येचा प्रश्न सोडवावा लागतो. एका बेसला, म्हणजे प्रतिकृती-सैनिक चिकटवलेल्या एका पट्टीला, २५० माणसे असे प्रमाण धरले, तर कंपनी सरकारच्या सुमारे २,८०० शिपायांसाठी ११ बेस पुरतात. मात्र पेशव्यांच्या घोडदळालाच ७२ बेस लागतील आणि टेबलावर हलायला जागा उरणार नाही. यावर उपाय असा की, प्रत्यक्ष झुंजीत उतरलेली पथकेच मांडावीत: पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी निर्णायक क्षणी सोडलेले सुमारे ६ हजार निवडक स्वार, म्हणजे २४ बेस, पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षितांच्या स्वारांचे ६ बेस, पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या पलटणीचे ४ बेस आणि तोफांच्या ३ प्रतिकृती. उरलेले सैन्य गणेशखिंडीच्या टेकड्यांवर उभे आहे असे मानावे. कंपनीच्या बाजूला बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाच्या तीन पलटणी आणि दापोडीहून येणारी कॅप्टन फोर्डची पलटण असावी. फोर्डला ३ बेस, इतरांना प्रत्येकी २ आणि सर्वांत मिळून एक तोफ द्यावी.

१५ मिलिमीटरचे सैनिक या लढाईला सर्वांत सोयीचे पडतात. ४ सेंटिमीटर रुंदीच्या बेसवर चार पायदळी शिपाई किंवा दोन स्वार नीट बसतात. बेससाठी पातळ एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची फळी) बोहरी आळीत कापून मिळते आणि बारीक ब्रश अप्पा बळवंत चौकात मिळतात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मात्र या मापाला फार मोठे होतात. किल्ल्याची माती तेवढी चाळून ठेवावी. फेव्हिकॉलवर भुरभुरली की माळाची जमीन हुबेहूब दिसते. कंपनीचे शिपाई लाल डगल्यात रंगवावेत. मराठा स्वारांना गणवेश नव्हता, त्यामुळे प्रत्येकाचा अंगरखा आणि पागोटे वेगळ्या रंगाचे करण्याचे कष्ट घ्यावेत, कारण टेबलावर त्या पथकाचे सारे तेज त्या रंगांतच असते. जरीपटक्यासाठी जुन्या साडीच्या काठाचा तुकडा वापरावा.

टेबल ६ फूट बाय ४ फूट असावे. उत्तरेच्या कडेला मुळा नदी, ईशान्य कोपऱ्यात खडकी गाव आणि दक्षिणेला गणेशखिंडीच्या टेकड्या, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठ आहे तो भाग, अशी मांडणी करावी. फोर्डची पलटण दुसऱ्या फेरीत वायव्येकडून टेबलावर येते.

कोणाचे पथक कधी हलणार, हे पत्त्यांवर ठरते. कंपनीच्या प्रत्येक पलटणीला एक लाल पत्ता आणि पेशव्यांच्या प्रत्येक पथकाला एक काळा पत्ता नेमून द्यावा. गोखल्यांच्या स्वारांची सहा-सहा बेसची चार पथके करावीत. सर्व पत्ते पिसून एकेक उघडावा आणि ज्याचा पत्ता निघेल त्याने चाल करावी. पायदळ ६ इंच चालते, घोडदळ १२ इंच. बंदुकीचा पल्ला ६ इंच आणि तोफेचा २४ इंच. बंदूक चालवताना प्रत्येक बेसमागे दोन फासे आणि तोफेमागे तीन फासे टाकावेत. ५ किंवा ६ पडल्यास शत्रूच्या पथकावर गोंधळाची एक खूण ठेवावी, आणि अंतर ३ इंचांच्या आत असेल तर ४ पडले तरी चालते. खूण ठेवली की त्या पथकाच्या धीराची परीक्षा घ्यावी. दोन फाशांच्या बेरजेतून खुणांची संख्या वजा करून ५ किंवा त्याहून अधिक उरले, तर पथक टिकले; कमी उरले, तर ते एक चाल मागे हटते. तीन खुणा झालेले पथक टेबलावरून उचलावे. हातघाईत दोन्ही बाजूंनी प्रत्येक बेसमागे एक फासा टाकावा, चाल करून आलेल्या घोडदळाने दोन. ज्याच्या ५-६ अधिक, तो जिंकला.

एवढ्याने कोणतीही लढाई खेळता येईल. तिला खडकीची लढाई करण्यासाठी आणखी तीन नियम लागतात.

पहिला नियम निरोप्याचा. पेशवे बाजीराव पर्वतीवर होते आणि पहिली तोफ आपल्याकडून सुटू नये असा निरोप त्यांनी ऐनवेळी गोखल्यांना धाडला. निरोप्या येताना दिसताच गोखल्यांनी तो पोचण्याआधीच नऊ तोफांचा मारा सुरू केला, असे तत्कालीन इंग्रजी वृत्तान्तात आहे. यासाठी दक्षिणेच्या कडेवर एक एकटा स्वार ठेवावा आणि प्रत्येक फेरीच्या आरंभी दोन फाशांच्या बेरजेइतके इंच त्याला गोखल्यांच्या दिशेने पुढे न्यावे. तोफ सुटण्याआधी तो पोचला, तर पेशव्यांची सर्व पथके एक फेरी जागीच थांबतात. घाई केली तर तोफा पल्ल्याच्या काठावरून डागाव्या लागतात आणि वाट पाहिली तर तो स्वार जवळ येतो. सेनापतीची ती घालमेल खेळणाऱ्याला फासा टाकताना कळते.

दुसरा नियम पाठलागाचा. पिंटोच्या पलटणीला मागे रेटल्यावर कंपनीच्या सातव्या रेजिमेंटची पहिली पलटण आवेशाने रांग सोडून पुढे गेली आणि ती फट हेरून गोखल्यांनी स्वार सोडले. म्हणून हातघाई जिंकलेल्या पलटणीने एक फासा टाकावा. १ ते ३ पडल्यास तिला ६ इंच पुढे जावेच लागते.

तिसरा नियम दलदलीचा, आणि माझ्या मते सारी लढाई यावरच उभी आहे. स्वारांची ती दौड कंपनीच्या रांगेसमोरच्या चिखलात अडखळली, घोडे एकमेकांवर आदळले आणि कंपनीच्या सैन्याचा प्रमुख कर्नल बर याच्या शिपायांना राखून ठेवलेल्या बंदुका जवळून झाडता आल्या. आमच्या पहिल्या खेळात मी दलदल हिरव्या कापडाने उघड दाखवली होती. साहजिकच गोखल्यांचा खेळाडू तिला वळसा घालून गेला आणि कंपनीची रांग तिसऱ्या फेरीतच मोडली. आता आम्ही रांगेपुढे ८ इंचांवर, थोड्याथोड्या अंतराने, सहा पुठ्ठ्याच्या चकत्या पालथ्या ठेवतो. त्यांपैकी दोनच चकत्यांखाली चिखल असतो. स्वार ३ इंचांवर आले की चकती उलटायची. चिखल निघाला, तर चाल निम्मी, दौडीचा जादा फासा रद्द आणि गोंधळाची एक खूण. चकत्या खेळात नसलेल्या तिसऱ्या माणसाने मांडाव्यात.

लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि अंधार पडताच थांबली, त्यामुळे खेळ आठ फेऱ्यांचाच ठेवावा. सैन्य नष्ट करणे हे विजयाचे माप नव्हे. इंग्रजी नोंदीप्रमाणे त्या दिवशी कंपनीचे मृत व जखमी मिळून ८६ होते आणि मराठ्यांची हानी सुमारे ५०० होती. फोर्ड मुख्य रांगेला मिळू शकला नाही, किंवा कंपनीच्या दोन पलटणी टेबलावरून गेल्या, तर पेशव्यांची बाजू जिंकली. अन्यथा कंपनी जिंकली. मोरोपंत दीक्षित फोर्डच्याच पलटणीवर चालून गेले आणि तिथेच पडले, तेव्हा त्यांचा पत्ता लवकर निघाला तर ती चाल टाळू नये.

खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंचे शिल्लक बेस मोजून कागदावर लिहून ठेवावेत, कारण हेच दोन पक्ष ११ दिवसांनी येरवड्याच्या उतारावर पुन्हा समोरासमोर येतात आणि तो डाव या आकड्यांवरूनच मांडायचा असतो.