जिनिव्हापर्यंत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपर्यंत, मुलांचा आवाज न्यायचाय? या चुका टाळा

"ताई, सिकल म्हणजे विळा ना? मग त्यांनी माझं चुकीचं सांगितलं."

ऑनलाइन बैठक संपल्यावर बीडकडची चौदा वर्षांची एक मुलगी मला हे म्हणाली. बोलताना तिनं सांगितलं होतं, "मागच्या हंगामात मी अर्धा कोयता म्हणून गेले." दुभाष्यानं पलीकडच्या मंडळींना सांगितलं की ती अर्धा विळा घेऊन गेली. त्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती या जोडीच्या हिशेबानं. अर्धा कोयता म्हणजे एकटा मजूर. पोरगी सांगत होती की टोळीत तिला मोठ्या माणसासारखं मजूर म्हणून धरलं होतं. बालमजुरीचा अख्खा पुरावा त्या दोन शब्दांत होता आणि तो तिथंच सांडला.

चूक दुभाष्याची नव्हती, माझी होती. आदल्या दिवशी त्याला मुलांसोबत तासभर बसवायला हवं होतं. आता मी मुलांकडूनच शब्दांची यादी करून घेते: कोयता, उचल, फड (तोडणीचं शेत), कोपी (मजुरांची झोपडी). दुभाष्याला एकच सूचना असते, वाक्य सजवायचं नाही. "शाळा बुडते"चं "शैक्षणिक सातत्य बाधित होते" झालं की बोलणारं मूल बाजूला पडतं आणि आपला अहवाल बोलायला लागतो.

पासपोर्ट असेल तोच प्रतिनिधी

परदेशातून निमंत्रण येतं तेव्हा हातात जेमतेम दीड-दोन महिने असतात. मग शोध सुरू होतो: इंग्रजी येतं कोणाला, पासपोर्ट आहे कोणाकडे? अशा शोधात शहरातली, चांगल्या शाळेतली मुलं सापडतात. ती हुशार असतात, बोलतातही छान. पण आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलीच्या वतीनं ती काय सांगणार?

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. निमंत्रणाची वाट न पाहता गटातल्या पाच-सहा मुलांचे पासपोर्ट आधीच काढून ठेवा. अल्पवयीन मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते. आई-वडील साखर कारखान्याच्या फडात असतील तर सह्या दिवाळीआधीच उरका, नाहीतर थेट उन्हाळा उजाडतो. आणि प्रतिनिधी कोण हे मुलांना ठरवू द्या. आपल्याला जी मुलगी लाजरी वाटते, तिलाच मुलं बऱ्याचदा निवडतात.

चुकीच्या दारात उभं राहणं

संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ची. भारतानं ती १९९२ साली स्वीकारली. तिची अंमलबजावणी जिनिव्हातली १८ तज्ज्ञांची समिती तपासते. सरकारच्या प्रतिनिधींशी समितीची जाहीर चर्चा होते, तिला संस्था मोठ्या उत्साहानं मुलांना घेऊन जातात. तिथं मुलांना बोलायला मिळत नाही, मागे बसून ऐकायचं असतं. मुलांचं म्हणणं ऐकलं जातं त्याच्या कितीतरी महिने आधी, पूर्वतयारीच्या बंद बैठकांत. सरकारला कोणते प्रश्न विचारायचे ते तिथूनच ठरत जातं. मुलं स्वतःचा वेगळा अहवालही पाठवू शकतात. त्याची मुदत एकदा गेली की मग विमानाचं तिकीट नुसतं सहलीचं.

तक्रारीचंही तसंच. २०१९ साली १६ मुलांनी हवामान बदलावरून पाच देशांविरुद्ध या समितीकडे तक्रार केली. ग्रेटा थुनबर्ग त्यात होती, उत्तराखंडची रिधिमा पांडेही होती. तक्रार मात्र अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तानविरुद्ध होती. भारताविरुद्ध अशी तक्रार करताच येत नाही, कारण त्यासाठीचा संहितेचा तिसरा वैकल्पिक करार आपण स्वीकारलेला नाही. "आपण यूएनकडे केस करू" असं मुलांना सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आधी वाचावं. ती तक्रारसुद्धा २०२१ मध्ये दाखल करून घ्यायला नकार मिळाला, कारण आधी आपापल्या देशातली न्यायालयं गाठायला हवी होती. मुलांना हे निघण्याआधी सांगा.

पाठ केलेलं भाषण

रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या सहभागाच्या नाहीतच: मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं, नावापुरतं बोलावणं. आपले बरेच कार्यक्रम तिथंच रेंगाळतात. भाषण ताई लिहितात, मुलगा पाठ करतो, टाळ्या पडतात.

याहून अवघड प्रसंग येतो तो मुलं आपल्याला नको ते बोलतात तेव्हा. १९९६ साली कर्नाटकातल्या कुंदापूरला वेगवेगळ्या देशांतली कामकरी मुलं जमली होती. मुलांनी बनवलेल्या मालावर बहिष्कार टाकू नका, असं त्यांनी ठरावात म्हटलं. त्यांना हवं होतं सन्मानाचं काम आणि शिकायला वेळ. बालमजुरीवर सरसकट बंदी मागणाऱ्यांना हे पचणं कठीण होतं. मलाही अजून पुरतं पटत नाही. पण पटत नाही म्हणून ते वाक्य गाळायचा अधिकार मला नाही. आपलं मत वेगळ्या कागदावर, आपल्या नावानं लिहावं.

फोटो

इथं चुकीला माफी नाही. बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सोचं कलम २३ आहेच. चेहरा धूसर केला पण मागे गावाची कमान तशीच दिसतेय, गणवेशावर शाळेचं नाव आहे, असं सर्रास दिसतं. मुकादमाविरुद्ध बोललेल्या मुलीच्या बापाला पुढच्या हंगामात त्याच्याचकडून उचल घ्यायची असते. पालकांची सही घेतली म्हणजे काम झालं, असं नाही. मुलीला एकटीला विचारा, आणि आठवड्यानं पुन्हा विचारा.

वयाचं थोडक्यात. संहितेत मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. तेवीस वर्षांच्या मुलाला "बालप्रतिनिधी" म्हणून पाठवू नका. आणि सरकारनं समितीला अहवाल देण्याचं चक्र काही वर्षांचं असल्यामुळे तेराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी शेवटाला सज्ञान झालेली असते. तिच्यासोबत धाकटी एक-दोन मुलं पहिल्यापासून असू द्या.

परत आल्यावरची शांतता

समितीनं २००९ साली मुलांचं म्हणणं ऐकण्याबद्दल सविस्तर भाष्य काढलं. त्यात सहभागाच्या नऊ अटी आहेत. शेवटची अट उत्तरदायित्वाची: तुमच्या बोलण्याचं पुढे काय झालं, हे मुलांना कळलं पाहिजे. सगळ्यात जास्त मोडली जाते ती हीच. बैठक होते, फोटो लागतात, ताईंची बदली होते.

समितीच्या शिफारशी आल्या की मुलांशी संबंधित परिच्छेद मराठीत, दोन पानांत उतरवा. ते मुलांबरोबर बसून वाचा. त्यांचं म्हणणं कुठं आलं आणि कुठं आलं नाही, त्यावर पेन्सिलीनं खुणा करू द्या. मग तीच पानं घेऊन मुलांसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, ग्रामसभेत ठेवा. आमच्या त्या मुलीनं कोऱ्या जागेत "अर्धा कोयता" असं लिहिलं आणि पान मला परत दिलं.