परक्या सूर्याखालचं आकाश रंगवताना

परग्रहाचं चित्र काढायला बसलेला नवखा माणूस आधी रंगांची पेटी उघडतो. मीही तेच केलं. प्रॉक्सिमा सेंटॉरी तांबडा बटू तारा, म्हणून त्याच्या ग्रहाचं आकाश मी लालभडक रंगवलं आणि खाली जांभळी झाडं काढली. मला शिकवणाऱ्या बाईंनी चित्र पाहून एवढंच विचारलं, "ताऱ्याचं तापमान किती?" मला सांगता आलं नाही.

ते आहे सुमारे ३,००० केल्विन. घरगुती पिवळ्या बल्बची तार तापते साधारण २,७०० ते २,८०० केल्विनपर्यंत. म्हणजे हा 'तांबडा' तारा त्या बल्बइतकाच तांबडा! त्या रात्री मी तसा एकच बल्ब लावून बसले. आधी सगळं पिवळं दिसत होतं, मग हळूहळू हातातला कागद पांढराच वाटू लागला. गडद निळं कापड मात्र काळपट दिसत राहिलं. हा प्रयोग तुम्ही कराच. पुस्तकातलं तापमान डोळ्यांना कळतं ते असं.

मग आकाशाकडे वळा. हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा, म्हणजे निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश जास्त विखुरतात; ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा नऊ पटींहून अधिक. प्रॉक्सिमाच्या प्रकाशात निळा भागच कमी. हे दोन्ही हिशोब एकत्र मांडले, पृथ्वीसारखी स्वच्छ हवा धरली, तर आपल्या डोळ्यांना आकाश जवळजवळ पांढुरकं दिसेल. त्याच उजेडात वाढलेल्या डोळ्यांना कदाचित ते निळंच वाटेल. हे उमगलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. अर्थात हवेत धूळ आली की सगळं फिरतं. मंगळाचं आकाश दिवसा पिवळसर-तपकिरी आणि मावळतीला सूर्याभोवती निळसर दिसतं, ते बारीक धुळीमुळेच.

वनस्पतींच्या बाबतीत खूप जपून चाला. नासाच्या नॅन्सी किआंग यांनी २००७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर या विषयावर सविस्तर लिहिलं. मंद, तांबूस ताऱ्यांभोवती मिळेल तो सगळा प्रकाश शोषणारी पानं काळी असू शकतील, हा विचार तिथूनच गाजला. पण 'तारा तांबडा म्हणजे पान काळं' असं सूत्र पाठ करू नका. आपल्या सूर्याच्या उजेडात हिरवा भाग भरपूर आहे, तरी पानं त्यातला काही परत फेकतातच. पानाचा रंग ताऱ्याइतकाच त्या जीवांच्या इतिहासावरही ठरतो. उलट, ७०० नॅनोमीटरच्या पलीकडचा प्रकाश वापरणारं हरितद्रव्य पृथ्वीवरही आहे. त्याचं नाव क्लोरोफिल एफ; ते २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथल्या स्ट्रोमॅटोलाइट्समध्ये, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांतून घडलेल्या खडकांमध्ये सापडलं. म्हणून उष्णता आणि प्रकाशाचं भौतिकशास्त्र आधी शिका, पण प्रकाशसंश्लेषण वरवर उरकू नका. मी उरकलं होतं, आणि नंतर पूर्ण वर्ष त्यासाठी द्यावं लागलं.

सरावाला ट्रॅपिस्ट-१ हा तारा घ्या. अंतर सुमारे ४० प्रकाशवर्षं, तापमान साधारण २,५६० केल्विन, ग्रह सात. त्यातल्या 'ई' ग्रहावरून तारा आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असेल, तर तारा आकाशात हलणारच नाही. तिथल्या पानाला दिवसभर वळत राहावं लागणार नाही. शिवाय शेजारचे ग्रह कधीकधी आपल्या चंद्राहून मोठे दिसतील. ते कागदावर कुठे ठेवायचे, एवढं ठरवायलाच मला एक आठवडा लागला.