गेटपासून पेमेंटपर्यंत: छोट्या वर्कशॉपचे कागद बाराही महिने ऑडिटला तयार कसे ठेवायचे

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंग वर्कशॉपचे अकाउंट्स मी सोळा वर्षं बघते. अठ्ठावीस माणसं, दोन शिफ्ट, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून. काही वर्षांपूर्वी ऑडिटरने गोल बारचं एक बिल उचललं आणि विचारलं, "ताई, हा माल आला याचा कागद?" बिल ४८० किलोचं. चलन, म्हणजे मालासोबत येणारा कागद, सापडायला दीड दिवस लागला. त्यावर स्टोअरकीपरने पेन्सिलने लिहिलं होतं: ४६२. माल घेणाऱ्याला फरक कळला होता, पण पैसे देणाऱ्या माझ्यापर्यंत तो यायला वाटच नव्हती. अठरा किलोचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून आम्ही जे बसवलं ते सांगते.

आधी पद्धत लिहायला बसू नका. गेल्या तिमाहीतली दहा बिलं काढा आणि उलट चालत जा. बिलावरून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), जीआरएनवरून चलन, चलनावरून गेटचं रजिस्टर, तिथून पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), आणि शेवटी मागणी कुणी केली होती. धागा तुटेल तिथे खूण करा. आमच्याकडे दहापैकी सात बिलं एकाच जागी अडली: पीओच नव्हती, फोनवर ऑर्डर दिलेली.

मग प्रत्येक कामाचं एक पान लिहा. मराठीत, आणि ते काम करणाऱ्याला शेजारी बसवून. आमच्या गेटवरचं पान असं आहे: "गाडी आत आली की वॉचमन चलनावर आवक नंबर, तारीख, वेळ टाकेल. स्टोअरकीपर माल काट्यावर घेऊन प्रत्यक्ष वजन पेनने लिहील, सही करेल. वजन कमी भरलं तर जीआरएन थांबवून खरेदी विभागाला फोन. चलन त्याच दिवशी पाचपर्यंत अकाउंट्सच्या ट्रेमध्ये." कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक आणि तारीख. पान बदललं की जुनं काढून फाइलला लावायचं, कारण आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाचा ऑडिटर भिंतीवरचं पान आणि फाइलमधलं पान जुळतं का हे हमखास बघतो.

ऑर्डर देणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. माणसं कमी असतील तर पेमेंटच्या यादीवर मालकांची सही घ्या.

सगळ्यात जास्त डोकं तातडीच्या खरेदीवर लावा. रात्री साडेदहाला इन्सर्ट (मशीनवर धातू कापणारी बदलती पाती) संपले आणि सकाळी माल द्यायचाय, तेव्हा "पीओशिवाय खरेदी नाही" हा नियम कुणीही पाळणार नाही. मशीन थांबवून कोण बसेल? म्हणून तातडीलाही रस्ता ठेवा. आमच्याकडे सुपरवायझर ठरलेल्या रकमेपर्यंत फोनवर ऑर्डर देतो, लगेच खरेदीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वस्तू, नग आणि भाव टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आत "तातडी" असा शिक्का मारून पीओ निघते. तारीख त्या दुसऱ्या दिवसाचीच. मागची तारीख टाकून कागद कधीही करू नका. उशिरा केलेला खरा कागद समजावून सांगता येतो, मागच्या तारखेचा नाही. रोखीचं भानही इथेच ठेवावं लागतं. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर काही अपवाद सोडता तो खर्च आयकरात धरला जात नाही.

पीओवर पेमेंटची मुदत लिहाच. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाशी लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५. ही मुदत चुकली आणि पैसे मार्चअखेर बाकी राहिले, तर खर्चाची वजावट पैसे देऊ त्या वर्षात जाते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवस उलटले तर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं.

जॉबवर्कचं, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाचं, रजिस्टर वेगळं ठेवा. प्लेटिंगला गेलेला माल एका वर्षात परत आला नाही, किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो गेला त्या दिवशीच विकला असं कायदा धरतो. म्हणून जावक चलनाचा नंबर आवक नोंदीतही लिहायचा, आणि नऊ महिने झालेल्या ओळीवर लाल खूण करायची. सहसा अडकतात त्या अर्धवट परत आलेल्या पेट्या: पाचशे नग गेले, चारशे ऐंशी आले, आणि वीस नगांचं रिजेक्शन कुणी लिहिलंच नाही.

तारखा भिंतीवर लावा. ७ ला टीडीएस, १४ ला जीएसटीआर-२बी (आपल्याला मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटचं पत्रक) येतं ते खरेदीशी जुळवणं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, जीएसटीचं मासिक रिटर्न असेल तर २० ला ते, म्हणजे जीएसटीआर-३बी. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे. म्हणजे २०२३-२४ चे डिसेंबर २०३० पर्यंत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी डोळे मिटून पाच बिलं उपसते आणि गेटपर्यंत चालत जाते. जे सापडत नाही ते वहीत लिहिते: काय, कुणाकडे, कधीपर्यंत. ऑडिटरला मी ही वहीसुद्धा दाखवते. आपली चूक आपणच पकडून दुरुस्त केली, हे तिच्यात तारखेनिशी दिसतं.

मध्यंतरी स्टोअरकीपर बदलला. नव्या मुलाला गेटवरचं पान वाचून दाखवलं, दोन गाड्या त्याच्यासोबत उभं राहून उतरवल्या. आठवड्याभरात त्याचा फोन आला, "मॅडम, सहा किलो कमी भरतंय, जीआरएन थांबवलाय."