रेडिएटर खाली गरम, वर गार? अडकलेली हवा अशी काढा

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. उन्हाळाभर बंद असलेलं हीटिंग, म्हणजे बॉयलरमध्ये तापलेलं पाणी खोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवणारी यंत्रणा, साधारण याच सुमारास सुरू होतं, आणि मग एखादा रेडिएटर खाली तापतो पण वरच्या पट्ट्यात गारच राहतो. शेजारी उभं राहिलं की आतून गुडगुड ऐकू येते. आत हवा धरली आहे. पुण्या-नाशिकहून नव्याने आलेली मंडळी अशा वेळी थेट प्लंबरला फोन करतात. तशी गरज नाही. हे काम घरच्या घरी होतं, फक्त ते शेवटपर्यंत करायला हवं. हवा निघाली की लोक उठतात आणि बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघायचाच राहतो.

आधी दुखणं ओळखा. हीटिंग पूर्ण तापू द्या आणि प्रत्येक रेडिएटरवरून वरून खाली जपून हात फिरवा. वर गार आणि खाली गरम असेल, तर हवा. खाली मधोमध गार आणि वर गरम असेल, तर तळाशी गाळ साचलाय. त्यावर हवा काढून काही होणार नाही. एकच रेडिएटर अख्खा गार असेल, तर त्याच्या बाजूचा आकडे असलेला व्हॉल्व्ह बंद आहे का किंवा अडकलाय का ते बघा. घरातले सगळेच गार असतील, तर गडबड बहुधा बॉयलर किंवा पंपाची आहे.

आता हीटिंग बंद करा आणि पाणी निवेपर्यंत थांबा. इथे घाई नको. पंप चालू असताना हवेचा व्हॉल्व्ह उघडला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाऊ शकते, आणि तापलेलं पाणी हातावर उडालं तर चांगलंच भाजतं. तेवढ्या वेळात रेडिएटरची चावी शोधून ठेवा. ती छोटी, चौकोनी तोंडाची असते आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन पौंडांत मिळते. काही नव्या रेडिएटरना साधा चपटा स्क्रू-ड्रायव्हरही चालतो. सोबत एक जुनं फडकं आणि एक पेला घ्या. आतलं पाणी बरेचदा काळं असतं आणि कार्पेटवर पडलं तर तो डाग सहसा निघत नाही, म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा.

बॉयलरवरच्या गेजमध्ये काटा शून्याला टेकलेला दिसला, तर आधी पाणी भरा (कसं ते पुढे सांगते) आणि मगच हवा काढा. प्रेशर नसताना वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला, तर हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते.

सुरुवात तळमजल्यावर, बॉयलरपासून सर्वांत लांबच्या रेडिएटरपासून करा आणि मग वर जा. रेडिएटरच्या वरच्या टोकाला एका बाजूला हवेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याच्याखाली पेला धरा, चावीभोवती फडकं धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा, फार तर अर्धा. सूं असा आवाज येईल. तो चालू आहे तोवर चावी तशीच धरून ठेवा. मग पाण्याचे शिंतोडे हवेबरोबर अडखळत उडतील आणि शेवटी बारीक, सलग धार लागेल. धार सलग झाली की लगेच बंद करा. बेताने आवळा, कारण पितळेचे आटे जोर लावल्याने खराब होतात. स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा नाही. तो हातात आला की पाणी थांबवणं अवघड होतं.

आणखी एक. बाहेर येतो तो वायू दर वेळी हवाच असतो असं नाही. आत लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो, आणि तो पेट घेतो. त्याच खोलीत देवघर असेल तर समई आणि उदबत्ती आधी विझवा, मगच चावी लावा.

आता ते राहून जाणारं काम. हवा गेली म्हणजे तिची जागा पाण्याने घेतली आणि एकूण दाब उतरला. कॉम्बी बॉयलरवर (माळ्यावर टाकी न लागणाऱ्या बॉयलरवर), यंत्रणा गार असताना, काटा साधारण 1 ते 1.5 बारच्या (बार हे दाबाचं माप) मध्ये हवा. कमी असेल तर बॉयलरच्या खाली फिलिंग लूप, म्हणजे यंत्रणेत पाणी भरायची नळी, शोधा. बहुधा ती जाळीदार चंदेरी नळी असते, तिच्यावर एक किंवा दोन कॉक असतात. कॉक हळूहळू उघडा, नजर काट्यावर ठेवा, 1.2 च्या आसपास आला की घट्ट बंद करा. लूप अर्धवट उघडी राहिली तर दाब वाढत जातो आणि 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर वाहू लागतं. जुन्या घरांत माळ्यावर छोटी टाकी असते. तिथे पाणी आपोआप भरलं जातं, फक्त टाकीचा फ्लोट अडकलेला नाही एवढं बघा. मग हीटिंग सुरू करा, सगळं तापू द्या आणि हात फिरवून पुन्हा तपासा.

वर्षातून एकदा हवा काढावी लागली तर काळजीचं काही नाही. पण तोच रेडिएटर दर काही आठवड्यांनी गुडगुडत असेल, तर दुखणं दुसरं आहे. काटा सारखा उतरत असेल तर बहुधा कुठेतरी गळती आहे, आणि दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जाऊन गंज वाढवतो. काटा जागच्या जागी आणि तरी वायू साचतोय, तर गंजाची शंका घ्या. पाण्यात गंजरोधक द्रावण, म्हणजे इनहिबिटर, पुरेसं आहे का हे तपासून घ्या. बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, ते गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाचंच काम. भाड्याच्या घरात राहत असाल, तर इंग्लंडमध्ये 1985च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंग दुरुस्त ठेवणं सहसा घरमालकाची जबाबदारी असते. काटा किती उतरतो ते तारखेनिशी लिहून त्यांना ईमेल करा, सोबत गेजचा फोटो जोडा.