वेगवान गाडीसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवायचे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'हा गिअरबॉक्स किती हॉर्सपॉवर सोसेल?' प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रम दुसरा. चांगल्या क्लच प्लेट आणि मजबूत शाफ्ट घालून बऱ्याच गिअरबॉक्सची सोसण्याची क्षमता वाढवता येते. गिअरची गुणोत्तरे (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात ते आकडे) मात्र सहसा आहेत तशीच राहतात, आणि गाडी रस्त्यावर कशी वागणार हे तीच ठरवतात. म्हणून आधी गुणोत्तरे, डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलवरचा शेवटचा गिअर) आणि चाकाचा व्यास यांचा हिशेब एकत्र मांडावा.

उदाहरणादाखल ६६ सेंटिमीटर व्यासाचे चाक आणि ३.७३ चे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे ३.७३ फेरे लागणारे, डिफरन्शियल घेऊ. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. जनरल मोटर्सच्या टीएच-३५० किंवा टीएच-४०० या तीन गिअरच्या बॉक्समध्ये शेवटचा गिअर थेट, म्हणजे १.०० असल्याने इंजिन जवळपास ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) फिरत राहील. त्याच कंपनीच्या ७००आर४ मध्ये चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह आहे, त्यामुळे हाच आकडा २१०० वर येतो. लांबच्या प्रवासात हा फरक कानाला आणि इंधनाच्या टाकीला लगेच कळतो.

मग सर्वांनी ७००आर४ च घ्यावा काय? येथे थोडे थांबावे. त्याचा पहिला गिअर ३.०६ आणि दुसरा १.६३ आहे. इंजिन ६००० वर असताना गिअर बदलला तर ते ३२०० च्या आसपास उतरते. टीएच-४०० मध्ये २.४८ वरून १.४८ वर जाताना ते ३६०० च्या जवळ थांबते. खालूनच भरपूर टॉर्क देणाऱ्या इंजिनाला या दरीचे काही वाटत नाही, पण तीव्र कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवणारा) घातलेले आणि वरच्या आरपीएमलाच जागे होणारे इंजिन तिथे गुदमरते. केवळ ओव्हरड्राइव्हच्या मोहाने केलेली निवड इथेच फसते, असे माझे मत आहे.

७००आर४ घ्यायचाच असेल तर थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट समजून घ्यावी. ती किकडाउनची, म्हणजे ॲक्सिलरेटर जोरात दाबताच खालचा गिअर घालणारी, साधी तार नव्हे. गिअरबॉक्समधील तेलाचा दाब तिच्यावर ठरतो. इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे: थ्रॉटल पूर्ण उघडतो त्याच क्षणी केबलही पूर्ण ताणलेली दिसली पाहिजे. ती ढिली राहिली तर दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि चांगला बॉक्स थोडक्याच दिवसांत जळतो.

ओव्हरड्राइव्हही हवा आणि टीएच-४०० चा दणकटपणाही हवा, अशांसाठी १९९१ पासून आलेला ४एल८०ई आहे. त्याची बांधणी टीएच-४०० वर बेतलेली असून पहिले तीन गिअर तेच, चौथा ०.७५ चा आहे. मात्र तो जड असून इलेक्ट्रॉनिक आहे; कार्ब्युरेटरच्या इंजिनासोबत वापरताना स्वतंत्र कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर लागतो. झेडएफ या कंपनीच्या आठ गिअरच्या ८एचपी मालिकेतील बऱ्याच बॉक्समध्ये पहिला गिअर सुमारे ४.७ आणि आठवा ०.६७ च्या जवळ असल्याने इंजिन कायम कामाच्या पट्ट्यात राहते, पण कंट्रोलर आणि वायरिंगचे काम हाताशी येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हलक्या, भरपूर ताकदीच्या ड्रॅग (सरळ रेषेतील छोट्या शर्यतीच्या) गाडीला शोभतो. रोजच्या रस्त्यावर त्याचे काम नाही.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहातून जोडणारा भाग, कॅमशाफ्ट ठरल्यानंतरच निवडावा. त्याच्यावर लिहिलेला स्टॉल स्पीड (गाडी रोखून धरलेली असताना इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढू शकते तो आकडा) अढळ नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे अधिक आरपीएमवर स्टॉल होतो. वरच्या उदाहरणात ३००० चा कन्व्हर्टर बसवला आणि गाडी २१०० वर पळवली, तर लॉक-अप (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) नसल्यास तो सतत घसरत राहतो आणि ती सगळी घसरण तेलात उष्णता होऊन उतरते. म्हणून उंच स्टॉल आणि ओव्हरड्राइव्ह एकत्र हवे असतील तर लॉक-अप क्लच आणि मोठा ऑइल कूलर यांत काटकसर करू नये.

जुना बॉक्स विकत घेताना खालचे पॅन उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. परंतु तेल काळपट असून त्याला जळका वास येत असेल आणि तळाशी क्लचच्या अस्तराचा काळा चुरा साचला असेल, तर त्या बॉक्सच्या किमतीत संपूर्ण दुरुस्तीचा खर्च मिळवूनच सौद्याचा विचार करावा.