जुन्या सोलापुरी चादरींचं स्टूल कसं बनवायचं

सोलापुरातल्या कुठल्याही घरात ट्रंक उघडा, आठ-दहा चादरी निघणारच. लग्नात आलेल्या, वास्तुशांतीत आलेल्या, विरलेल्या पण टाकवत नाहीत अशा. तेजो रेमी नावाच्या डच डिझायनरनं १९९१ मध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्या थरावर थर रचून पट्ट्यांनी आवळल्या आणि खुर्ची केली, रॅग चेअर म्हणतात तिला. ती बघितली आणि मला आमचा ट्रंकच आठवला.

आधी चादरी धुवून कडक वाळवा. एप्रिल-मेमध्ये करा, आपल्याकडं गच्चीवर दोन दिवसात काम होतं. ओल राहिली तर आतून कुबट वास येतो आणि मग सगळं सोडून परत वाळवत बसायचं.

आता घडी, खरं काम इथंच आहे. चादर ६०×९० इंची असेल तर रुंदीत चार पदर आणि लांबीत सहा पदर घाला, बरोबर १५ इंचाचा चौकोन होतो, जाडी साधारण दीड इंच. मला अकरा लागल्या. पहिल्यांदा मी सगळ्या घड्या एकाच तोंडानं रचल्या, तर घडीची बाजू फुगीर आणि मोकळी बाजू चपटी असल्यानं स्टूल एका अंगाला कललं, आमची आज्जी बसली आणि घसरलीच, नशीब शेजारी पलंग होता. त्यामुळं प्रत्येक चादर खालच्यापेक्षा पाव फेरा फिरवून ठेवा. मधेमधे सुकलेला कडुनिंबाचा पाला टाका.

खाली १५ इंची प्लायवूड, १८ एमएमचा, चार कोपऱ्यांना रबरी बूट. प्लायच्या चारही कडांना मधोमध छोटी खाच पाडून घ्या, नाहीतर पट्टा सरकतो. पट्टा म्हणजे ट्रकवाले माल बांधतात तो रॅचेट बेल्ट, एक इंच रुंदीचा, दोन मीटरचे दोन घ्या. पार्सलसारखे अधिक चिन्हात आडवे-उभे गुंडाळा, पण लॉक खालच्या बाजूला येऊ द्या, बसताना टोचायला नको. आणि लय आवळू नका, मधे खड्डा पडून कडा वर येतात. एकानं वरून दाबायचं, दुसऱ्यानं ओढायचं.

सगळ्यात वर कुठली ठेवायची यावर आमच्यात भांडण झालं. मला मोराची हवी होती. आज्जी म्हणाली, "मोरावर बसतोस होय रे? लाज वाटू दे की." मग फुलांची ठेवली. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, उलट्या बाजूला तीच नक्षी पण रंगांची अदलाबदल, म्हणून कंटाळा आला की वरची तेवढी पालटायची. कडेनं दिसणारे पदर मी गडद खाली, फिक्के वर असे लावलेत, लाल-मरून-पिवळ्याचे थर मस्त दिसतात.

वर्षातून एकदा सोडून ऊन दाखवा. थंडीत पाहुणे जास्त झाले तर एक-दोन काढून पांघरायला द्या, स्टूल तेवढे दिवस जरा बुटकं राहतं, चालतंय की.